कॅप्टन नेमोला लागलेला लळा

पाच शहाण्या माणसांना जे कळत नाही, ते कधी कधी एका कुत्र्याला कळते! टॉपचीच गोष्ट घ्या ना.

टॉप हा लिंकन बेटावरचा कुत्रा. पॅसिफिक महासागरातल्या या निर्जन बेटावर त्याच्यासोबत पाच माणसे अडकली होती. समुद्रकाठच्या एका उंच काळ्या कड्यात त्यांना भलीमोठी पोकळी सापडली आणि तिथेच त्यांनी आपले घर थाटले. घराला नाव दिले ‘ग्रॅनाइट हाऊस’. या घराच्या जमिनीत विहिरीसारखे एक खोल भोक होते. ते थेट खाली समुद्राच्या पाण्यापर्यंत जात होते. टॉप अधूनमधून त्या विहिरीच्या तोंडाशी जायचा, तिच्याभोवती गोल गोल फिरायचा आणि गुरगुरायचा. माणसे आत डोकावून बघत. खाली नुसता काळोख आणि पाण्याचा आवाज. त्यांच्यातला इंजिनिअर सायरस स्मिथ तर एकदा शिडी लावून खाली उतरला, सगळी भिंत चाचपून आला. काही नाही!

पण टॉपचेच खरे होते, बरं का. त्या विहिरीत कोणीतरी येत होते. पाणबुड्याचा पोशाख घातलेला एक म्हातारा माणूस अंधारात कपारींना धरून वर चढायचा आणि वरच्या पाच जणांच्या गप्पा चोरून ऐकायचा.

चोर? हेर? की समुद्रातला चाचा? छे, यातला कोणीच नव्हे. या माणसाकडे जगात कोणापाशी नव्हती अशी पाणबुडी होती, हिरेमोत्यांनी भरलेली पेटी होती, बारा हजार पुस्तके होती. आणि वरच्या पाच जणांकडे? अंगावरचे कपडेसुद्धा धड नव्हते. मग एवढ्या श्रीमंत, एवढ्या हुशार माणसाला त्या फाटक्या मंडळींच्या गप्पा का ऐकाव्याशा वाटाव्यात?

तो माणूस म्हणजे कॅप्टन नेमो. आणि तो आपला होता, म्हणजे अगदी भारतीय! पण ते पुढे सांगते.

नेमोला जन्म दिला ज्यूल व्हर्न या फ्रेंच लेखकाने. व्हर्नचा जन्म १८२८ चा, मृत्यू १९०५ चा. पाणबुडीतून समुद्राखालची सफर, तोफेच्या गोळ्यात बसून चंद्राकडे उड्डाण, पृथ्वीच्या पोटातला प्रवास, असल्या गोष्टी त्याने दीडशे वर्षांपूर्वी लिहून ठेवल्या. विज्ञानकथांचा पाया घालणाऱ्यांत त्याचे नाव पहिल्या रांगेत घेतात. नेमोची गोष्ट तीन कादंबऱ्यांच्या एका मालिकेत गुंफलेली आहे. पहिली कॅप्टन ग्रँटच्या मुलांची, दुसरी समुद्राखालच्या वीस हजार लीगच्या प्रवासाची आणि तिसरी रहस्यमय बेटाची. गंमत म्हणजे या कादंबऱ्या आधी क्रमशः छापल्या गेल्या त्या मुलांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी निघणाऱ्या एका पाक्षिकात. तुमच्या हातात आत्ता जसा हा अंक आहे ना, तसाच त्या फ्रेंच मुलांच्या हातात त्यांचा अंक असायचा. पुढचा भाग येईपर्यंत त्यांनी विहिरीत कोण असेल यावर किती पैजा लावल्या असतील!

मराठीत व्हर्न फार लवकर आला. ‘केरळ कोकिळ’ या मराठी मासिकात १९०० साली ‘चंद्रलोकची सफर’ छापून येऊ लागली, ती त्याच्याच कादंबरीवरून. पुढे आपल्या फास्टर फेणेचे जनक भा. रा. भागवत यांनी व्हर्नच्या कितीतरी कादंबऱ्या मराठी मुलांच्या हाती दिल्या. तुमच्या आजी-आजोबांना विचारा, त्यांनी त्या नक्की वाचल्या असतील.

आणि हो, आम्हा मुलुंड-घाटकोपरच्या मंडळींसाठी एक खास गोष्ट. व्हर्न स्वतः भारतात कधीच आला नाही. पण ऐंशी दिवसांत पृथ्वीला फेरी घालणारा त्याचा फिलिअस फॉग २० ऑक्टोबर १८७२ रोजी मुंबईत उतरतो आणि रात्री आठच्या गाडीने कलकत्त्याकडे निघतो. गाडी साष्टी बेट ओलांडून ठाण्याला जाते, तिथून कल्याणला. म्हणजे घाटकोपर, भांडुप, मुलुंड त्याच्या खिडकीवरून गेलेच असणार! त्या वेळी इथे शेते नि झाडी होती आणि बाहेर अंधार होता, त्यामुळे फॉगसाहेबांना काही दिसले नसेल ते सोडा.

तर पुन्हा नेमोकडे.

दुसऱ्या कादंबरीत तो पहिल्यांदा भेटतो. ‘नेमो’ या लॅटिन शब्दाचा अर्थ ‘कोणीच नाही’. स्वतःचे नाव ‘कोणीच नाही’ असे ठेवणारा माणूस! त्याची पाणबुडी नॉटिलस सत्तर मीटर लांब, विजेवर चालणारी. तिच्यात संग्रहालय आहे, चित्रे आहेत, वाजवायला भलामोठा ऑर्गन आहे. अन्न, कपडे, दिवे, सगळे समुद्रातूनच मिळते. जमिनीवर पाऊल टाकायचे नाही, माणसांशी संबंध ठेवायचा नाही, अशी त्याची प्रतिज्ञा. आपल्याकडे अशा माणसाला एक नेमका शब्द आहे, माणूसघाणा!

नॉटिलसवर योगायोगाने तीन जण येऊन पडतात. प्राध्यापक आरोनाक्स, त्यांचा सेवक कॉन्सेई आणि हार्पून फेकणारा नेड लँड. नेमो त्यांना कैदेत ठेवतो, पण पाहुण्यासारखे वागवतो. आणि मग हळूहळू प्राध्यापकांच्या लक्षात येते की, हा माणूस दाखवतो तसा नाही.

श्रीलंकेजवळ मोती काढणारा एक गरीब भारतीय पाणबुड्या शार्कच्या तावडीत सापडतो. नेमो हातात फक्त एक सुरा घेऊन त्या शार्कच्या अंगावर जातो! त्या पाणबुड्याला वाचवून शुद्धीवर आणतो आणि त्याच्या हातात मोत्यांची पिशवी ठेवून मुकाट्याने निघून जातो. दुसऱ्या एका प्रसंगात महाकाय माकूळ नॉटिलसवर हल्ला करतात आणि नेमोच्या एका खलाशाला ओढून नेतात. लढाई संपल्यावर नेमो रक्ताने माखलेला उभा असतो, समुद्राकडे बघत, आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत असते. त्याचे जे खलाशी मरतात त्यांना तो समुद्राच्या तळाशी पोवळ्यांच्या रानात पुरतो. आणि त्याच्या खोलीत भिंतीवर एक चित्र आहे. एक तरुण बाई आणि तिची दोन लहान मुले. शेवटी शेवटी प्राध्यापकांना दिसते, नेमो त्या चित्रासमोर गुडघे टेकून हुंदके देतोय.

माणूसघाणा म्हणे!

आता नेमोला जरा बाजूला ठेवू आणि एका खलनायकाकडे वळू. कारण एकटेपणाने माणसाचे काय होते हे व्हर्नने त्याच्यावर जास्त स्पष्ट दाखवले आहे. मला तर या तिन्ही पुस्तकांतला हाच भाग सर्वांत जास्त आवडतो.

पॅसिफिकमध्ये टाबोर नावाचे बेट आहे असे समजा. पहिल्या कादंबरीत कॅप्टन ग्रँटचे जहाज फुटते आणि तो दोन खलाशांसह या बेटावर अडकतो. तिघे मिळून झोपडी बांधतात, भाजीचा मळा लावतात आणि दोन वर्षांहून जास्त काळ तग धरतात. त्यांना शोधत लॉर्ड ग्लेनार्व्हनचे ‘डंकन’ जहाज येते, त्यावर ग्रँटची मुलगी मेरी आणि मुलगा रॉबर्ट असतात. बापलेकरांची भेट होते. तिघेही अशक्त झालेले, पण शहाणेसुरते. सगळे काही ठीक.

त्याच जहाजावर आयर्टन नावाचा एक बदमाश पकडलेला असतो. जहाज पळवायचा कट त्याने केलेला. मला पोलिसांच्या ताब्यात देऊ नका, एखाद्या ओसाड बेटावर सोडा, अशी विनंती तो स्वतःच करतो. मग त्याला त्याच टाबोर बेटावर उतरवतात. तीच झोपडी, तोच मळा. शिवाय हत्यारे, अवजारे, दारूगोळा आणि पुस्तकेसुद्धा. म्हणजे ग्रँटकडे होते त्यापेक्षा सामान जास्तच! एकच गोष्ट कमी. ग्रँटबरोबर दोघे होते, आयर्टनबरोबर कोणी नाही.

तिसऱ्या कादंबरीत, बारा वर्षांनी, लिंकन बेटावरची मंडळी होडी बांधून टाबोरला जातात. मळ्यात रान माजलेले, झोपडीत धूळ. आणि झाडीतून एक प्राणी हर्बर्टवर झेप घेतो. वाढलेले केस, वाढलेली नखे, तोंडातून फक्त गुरगुर. तो आयर्टन असतो. बोलणे विसरलेला, आपण कोण तेही विसरलेला.

तुम्ही म्हणाल, बाई, हे कादंबरीत ठीक आहे, खरोखर असे होते का? तर १७०४ साली अलेक्झांडर सेलकर्क नावाचा एक खलाशी चिलीच्या पश्चिमेला एका निर्जन बेटावर एकटाच राहिला होता. चार वर्षे आणि चार महिने! त्याने मांजरे पाळली, बकरीची पिल्ले माणसाळवली, स्वतःशी मोठमोठ्याने बायबल वाचले. तरीही १७०९ मध्ये जहाज आले तेव्हा त्याचे बोलणे इतके तुटके झाले होते की, सुटका करणाऱ्यांना ते नीट समजेना. वापर नाही म्हणून भाषा गंजली. रॉबिन्सन क्रूसोची गोष्ट सुचली ती याच्यासारख्यांमुळे. पण क्रूसो पुस्तकात अगदी टुणटुणीत राहतो, आणि मला वाटते, तिथे व्हर्नचा आयर्टन जास्त खरा आहे.

आयर्टनला लिंकन बेटावर आणल्यावर काय करतात? बांधून ठेवत नाहीत, मारत नाहीत, त्याच्याशी बोलत राहतात. उत्तर येत नाही तरी बोलतात. मग एके दिवशी सायरस स्मिथ एक धाडसी प्रयोग करतो. त्याला जंगलाच्या कडेला नेऊन मोकळा सोडतो. पळायचे तर पळ! आयर्टन झाडांकडे बघतो, पुढे झेपावणार असे वाटते... आणि मागे सरकतो. त्याच्या डोळ्यांतून एक मोठा थेंब घरंगळतो. रडायला आले म्हणजे हा पुन्हा माणूस झाला, हे स्मिथ त्याच क्षणी ओळखतो.

हा भाग मी चौथीच्या वर्गात शेवटच्या तासाला वाचून दाखवते तेव्हा मुले एकदम चूप होतात. एरवी रडणाऱ्याला चिडवायला पुढे असणारी मुलेसुद्धा.

आता ही लिंकन बेटावरची मंडळी कोण, तेही सांगायला हवे. अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या काळात, मार्च १८६५ मध्ये, रिचमंड शहरातून फुग्यात बसून पळालेले पाच कैदी. इंजिनिअर स्मिथ, वार्ताहर स्पिलेट, खलाशी पेनक्रॉफ, मुलगा हर्बर्ट आणि नॅब. नॅब हा पूर्वीचा गुलाम. स्मिथने त्याला मुक्त केले, तरी तो त्याला सोडून गेला नाही. वादळाने फुगा भरकटत नेऊन या बेटापाशी फेकला. जवळ काय होते माहीत आहे? एक काडेपेटीतली काडी. एकच! दोन घड्याळे. हर्बर्टच्या कोटाच्या अस्तरात अडकलेला गव्हाचा एक दाणा. टॉपच्या गळ्यातला पोलादी पट्टा. त्या पट्ट्याचे त्यांनी दोन सुरे केले, घड्याळांच्या काचा जोडून भिंग केले नि उन्हाने आग पेटवली. त्या एका दाण्यापासून काही हंगामांत गव्हाचे शेत उभे केले. विज्ञानाची आवड असणाऱ्यांनी हे सगळे मुळातून वाचावे. विटा भाजण्यापासून तारयंत्रापर्यंत त्यांनी काय काय बनवले, ते इथे सांगत बसले तर अंक पुरणार नाही.

पण त्यांना कोणीतरी गुपचूप मदत करत होते.

फुग्यातून समुद्रात पडलेला सायरस स्मिथ किनाऱ्यापासून बऱ्याच आत एका गुहेत सापडला, कोणी नेले ठाऊक नाही. तळ्यात टॉपला एका प्रचंड जलचराने पकडले, पण त्याच जनावराचा गळा कोणीतरी पाण्याखाली चिरला. वाळूत हत्यारे, अवजारे, कपडे नि पुस्तकांनी भरलेली पेटी लागली. टाबोर बेटावर एक माणूस आहे, अशी चिठ्ठी बाटलीतून आली. आयर्टन म्हणाला, ती मी लिहिलीच नाही! टाबोरहून परतताना रात्री वाट चुकली तर किनाऱ्यावर मोठा जाळ दिसला, आणि बेटावरच्या कोणीच तो पेटवला नव्हता. चाच्यांचे जहाज चालून आले ते अचानक उडाले. हर्बर्ट तापाने मरायला टेकला तेव्हा सकाळी टेबलावर क्विनीनची डबी! टॉप तेवढा रात्री भुंकला होता.

आणि हे करणारा एकदाही समोर आला नाही.

माझ्या वर्गातल्या एका मुलाने विचारले, “बाई, पण त्यानं सरळ वर येऊन बेल का नाही वाजवली?” सगळे हसले. पण प्रश्न काही हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. मी तो फळ्यावरच लिहिला. उत्तरे येऊ लागली. त्याला लाज वाटत असेल. ते त्याला पकडून देतील अशी भीती असेल. तो म्हातारा झालाय, त्याला कोण खेळायला घेणार? शेवटी खिडकीजवळच्या बाकावरची एक मुलगी, जी महिन्यातून एकदा बोलते, ती म्हणाली, “त्याची आधीची सगळी माणसं मेली ना. मग परत कुणाशी ओळख कशाला करायची, असं वाटलं असेल.”

मुलांनो, मी डी. एड. ला बालमानसशास्त्राचा पेपर दिला आहे, पण लळा या विषयावर इतके नेमके वाक्य मला तिथे सापडले नव्हते.

असे नेमो आपल्या आसपासही असतात, हं. आमच्या सोसायटीत पहिल्या मजल्यावर एक मुलगा आहे. खाली मुले क्रिकेट खेळतात तेव्हा हा ग्रिलला धरून उभा. कोणी हाक मारली की आत पळतो. पण चेंडू सज्जावर अडकला की काठीने ढकलून देतो, आणि टेनिसचा बॉल हरवला तर दुसऱ्या दिवशी जिन्यात एक बॉल सापडतो. कोणी ठेवला ते कोणी विचारत नाही. आईबाबांनो, तुम्ही दोघेही सकाळची फास्ट लोकल पकडून जाता, मूल गळ्यात किल्ली अडकवून दुपारी एकटे घर उघडते, आणि ‘आमच्याकडे त्याला काही कमी नाही’ असे तुम्ही पालकसभेत सांगता तेव्हा मला नॉटिलसवरची बारा हजार पुस्तके आठवतात. तक्रार म्हणून नाही सांगत. मुंबईत घर चालवायचे तर दुसरा मार्ग नसतो हे मलाही ठाऊक आहे. पण संध्याकाळी मुलाने आज काय खाल्ले याच्याबरोबरच आज कोणाशी बोलला, हेही विचारून बघा.

आता विहिरीतल्या माणसाची ओळख.

तिसऱ्या वर्षानंतरची गोष्ट. आयर्टन आपल्या जुन्या पापाच्या शरमेने इतरांपासून दूर, मेंढ्यांच्या वाड्यापाशी राहायचा. त्याच्याशी ग्रॅनाइट हाऊसमधून बोलता यावे म्हणून मंडळींनी मध्ये तारयंत्राची तार ओढली होती. ऑक्टोबर १८६८ मधल्या एका रात्री सगळे जण, अगदी आयर्टनसुद्धा, ग्रॅनाइट हाऊसमध्ये बसलेले असताना तारयंत्राची घंटा वाजली. वाड्यात तर कोणी नव्हते! निरोप होता, ताबडतोब वाड्याकडे या. तिथे गेल्यावर चिठ्ठी मिळाली, नव्या तारेमागून चला. त्या तारेच्या मागोमाग वादळी रात्री ते समुद्रकाठच्या एका अजस्र गुहेत पोचले. आत पाण्यावर दिव्यांनी उजळलेली नॉटिलस आणि तिच्यात मरणाच्या दारात असलेला नेमो.

म्हणजे अखेर त्याने बेल वाजवली!

आणि मग त्याने आपले खरे नाव सांगितले. प्रिन्स डक्कर. बुंदेलखंडच्या राजाचा मुलगा. (डक्कर म्हटल्यावर आमच्या वर्गातून ‘बाई, ठक्कर का?’ असा प्रश्न हमखास येतो. मुलुंडची मुले ती!) हे नाव व्हर्नने कुठून आणले देव जाणे, पण बुंदेलखंड म्हणजे झाशीचा मुलूख, हे त्याला बरोबर ठाऊक होते. दहाव्या वर्षी शिकायला युरोपात गेलेला हा राजपुत्र १८५७ च्या उठावात इंग्रजांशी लढला, हरला, आणि त्याचे आईवडील, बायको, मुले, कोणीच उरले नाही. भिंतीवरचे ते चित्र आठवले ना? मग वीस विश्वासू साथीदार घेऊन तो समुद्रात नाहीसा झाला.

खरे तर व्हर्नने आधी नेमोला पोलंडचा करायचे ठरवले होते. १८६३ च्या उठावात रशियनांनी ज्याचे कुटुंब मारले असा. पण व्हर्नचे प्रकाशक हेत्झेल यांना रशियातले वाचक गमवायचे नव्हते, म्हणून दुसऱ्या कादंबरीत नेमोचा देश गुप्तच राहिला. तिसऱ्यात तो भारतीय झाला. अशी ही एका प्रकाशकाच्या हिशेबातून आपल्याला मिळालेली देणगी! २००३ साली एका हॉलिवूडपटात नसीरुद्दीन शाह नेमो झाले होते आणि २०२४ मध्ये ‘नॉटिलस’ नावाची जी दहा भागांची मालिका आली, तिच्यातही तो भारतीय राजपुत्रच आहे.

नेमोने पुढे सांगितले ते असे. एकेक करून त्याचे सगळे साथीदार गेले. तो एकटा उरला. म्हातारा होऊन या बेटाखालच्या गुहेत येऊन राहिला. एके दिवशी आकाशातून फुगा पडताना त्याने पाहिला. माणसे! त्याचा पहिला विचार पळून जायचा होता. पण गुहेच्या तोंडाशी समुद्रतळाचा खडक वर उचलला गेला होता, नॉटिलस बाहेर निघू शकत नव्हती. मग तो लपून त्यांच्याकडे बघू लागला. ही माणसे एकमेकांवर भावासारखी माया करतात, हे त्याला दिसले. विहिरीतून त्यांचे बोलणे ऐकले. अमेरिकेत गुलामगिरी संपवण्यासाठी चाललेली धडपड त्याला त्यातूनच कळली. हळूहळू त्याला त्यांचा लळा लागला.

आणि शेवटी त्याने एक कबुली दिली. आपण आजाराने मरत नाही आहोत, असे त्याच्या बोलण्याचे सार होते. माणूस एकटा जगू शकतो असे आपण समजलो, तेच आपल्या मरणाचे कारण. एकटेपण सोसण्याइतकी ताकद माणसात नाही. ज्याने शार्कशी आणि महाकाय माकुळांशी झुंज घेतली, तो हे बोलतो आहे!

त्याच्या इच्छेप्रमाणे त्या सहा जणांनी नॉटिलसमध्येच त्याला ठेवून पाणबुडी त्या गुहेत बुडवली. आत दिवे जळत होते. पाण्याखाली तो उजेड थोडा वेळ दिसत राहिला, मग विझला.

पण नेमोची मदत त्यानंतरही पोचली. मार्च १८६९ मध्ये ज्वालामुखीने लिंकन बेट उडवले आणि सगळे जण एका उघड्या खडकावर उपाशी पडून राहिले. मरायला टेकले असताना एक जहाज आले. ‘डंकन’! आयर्टनला परत न्यायला ते टाबोर बेटावर गेले होते, तिथे त्यांना लिंकन बेटाचा ठावठिकाणा लिहिलेला कागद मिळाला. तो नेमोने जिवंतपणी नेऊन ठेवला होता. जहाजाचा कप्तान कोण, माहीत आहे? पहिल्या पुस्तकातला छोटा रॉबर्ट ग्रँट, आता मोठा झालेला.

ज्यांना गणित आवडते त्यांच्यासाठी एक कोडे. दुसऱ्या कादंबरीत प्राध्यापक आरोनाक्स १८६७ च्या नोव्हेंबरात नॉटिलसवर पोचतात. आणि १८६८ मध्ये मरताना नेमो म्हणतो, त्या गोष्टीला सोळा वर्षे झाली! वजाबाकी करून बघा आणि व्हर्नसाहेबांना किती गुण द्यायचे ते ठरवा.

नेमोचे नाव मात्र खऱ्या समुद्रावर कायमचे कोरले गेले आहे. दक्षिण पॅसिफिकमध्ये एक जागा आहे, जिथून सगळ्यात जवळची जमीन सुमारे २,६८८ किलोमीटरवर आहे. पृथ्वीवरच्या समुद्रातले सर्वांत एकाकी ठिकाण. १९९२ साली एका सर्वेक्षण अभियंत्याने संगणकावर ते शोधून काढले. त्याला नाव आहे ‘पॉइंट नेमो’. तिथे कोणी असलेच, तर त्याच्या सर्वांत जवळची माणसे बहुधा डोक्यावरून, सुमारे ४०० किलोमीटर उंचीवरून जाणारे अंतराळवीर असतात. निकामी अंतराळयाने पाडायची असली की, ती याच भागात पाडतात.

३० जानेवारी २०२५ रोजी ‘तारिणी’ नावाची एक शिडाची बोट पॉइंट नेमोवरून गेली. ही बोट गोव्यात बांधलेली, आपल्या नौदलाची. तिच्यावर दोघीच होत्या, लेफ्टनंट कमांडर दिलना के. आणि लेफ्टनंट कमांडर रूपा ए. २ ऑक्टोबर २०२४ ला गोव्याहून निघून शिडांच्या जोरावर त्या पृथ्वीला फेरी घालत होत्या. त्या जागी त्यांनी समुद्राच्या पाण्याचे नमुने भरून घेतले, गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेसाठी. मग शिडे ताणून दक्षिण अमेरिकेच्या टोकाकडे निघाल्या. २९ मे २०२५ रोजी ‘तारिणी’ मुरगाव बंदरात परत आली.